बोटभर उघडी खिडकी

आमच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नेमकं साल कुणाला हवं असेल तर त्या जुळ्यांनाच विचारावं. दोघं आता मिशा कोरतात आणि आपला वाढदिवस कुणी विसरलं तर फुगून बसतात. मला आठवतं ते एवढंच, की आमची ही बाळंतपणासाठी लेकीकडे शहरात गेली तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसता येत होतं. जाताना म्हणाली, "महिन्याभरात येते. दूध उतू घालवू नका." मी एकही दिवस दूध उतू घालवलं नाही. महिना मात्र उतू गेला.

मग थंडी पडली. फोनवर मागे दोन बाळं दोन वेगवेगळ्या सुरांत रडत असायची आणि त्यांच्यावर आवाज चढवून ही बोलायची.

"इथं काय ऊन येतं हो! गुडघे दुखायचं नावच घेत नाहीत."

"बरं आहे मग," मी म्हणायचो.

"तुमची ती खोली तापली का?"

"नाही अजून."

"मग मी तिथं येऊन काय करू? बर्फाच्या कारखान्यात बसू? तापली की कळवा."

आता ही थंडीमुळे येत नव्हती, की तिला यायचं नव्हतं म्हणून थंडी होती, हे मला कळेना. विचारायची माझी छाती नव्हती. खोली तापवणं त्यापेक्षा सोपं वाटलं. आमच्या खोलीची परिस्थिती ज्याला माहीत आहे, त्याला यावरून माझ्या छातीची कल्पना येईल.

मी डोंगरावरच्या एका शिबिर केंद्राचा राखणदार होतो. सगळे मला मामा म्हणत, अगदी माझ्याहून म्हातारी माणसंसुद्धा. केंद्रात गट यायचे. गाणारे यायचे. बँकेचे अधिकारी यायचे. ते एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून डोळे मिटून मागे पडायचे आणि मागचा माणूस झेलायचा. एकदा झेलला नाही. तो गट दुपारीच परत गेला. थोडक्यात, आपलं चांगलं घर सोडून दुसऱ्याच्या थंड घरात येऊन आपण कोण आहोत हे शोधणारी माणसं. सापडत असावं काहीतरी, कारण पुढल्या वर्षी पुन्हा यायची. किंवा सापडत नसावं म्हणूनच यायची.

इमारत लांबलचक, एकमजली. एका टोकाला बॉयलर, दुसऱ्या टोकाला आमची खोली. मध्ये स्वयंपाकघर, मोठं दालन आणि पाहुण्यांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक रेडिएटर, म्हणजे लोखंडी फासळ्यांचा पिंजरा. बॉयलरातलं गरम पाणी एकाच नळीतून या सगळ्या पिंजऱ्यांमधून फिरत आमच्याकडे यायचं. निघताना ते एखाद्या नव्या जावयासारखं ताठ मानेनं निघायचं, आणि वाटेत प्रत्येकाकडे पाहुणचार घेत घेत आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्यात काही जीव उरलेला नसायचा. पहिल्या खोल्यांतले पाहुणे घामाघूम होऊन खिडक्या उघडायचे. शेवटच्या खोल्यांतले कानटोपी घालून झोपायचे. आमच्या खोलीतला रेडिएटर ओले टॉवेल टाकायच्या कामाचा होता. ते वाळायचे नाहीत, पण टांगलेले दिसायचे.

त्या खोलीत खिडकीजवळ हिची खुर्ची. खुर्चीवर हिची राखाडी शाल. ती न्यायची राहिली होती. ही गेल्यापासून संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसायचो आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायचो. कारण शहराकडून येणारी शेवटची बस. ती आमच्या खालच्या वळणावर आली, की आवाजावरून सगळं कळायचं. कुणी उतरणार असेल तर बस थांबून एक उसासा टाकायची, दार खडखडायचं, मग पुन्हा दम घेऊन निघायची. कुणी उतरणार नसेल तर एका दमात घुरघुरत वर. खिडकी बंद असली की यातलं काही ऐकू येत नसे. तेव्हा ती बोटभर उघडी. बस एका दमात वर गेली की मी उठायचो आणि जेवायला जायचो. खिडकी लावायचं राहून जायचं. उद्या उघडायचीच होती ना.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. केंद्राच्या समितीच्या खजिनदार बाई होत्या. त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत, त्यांच्या तोंडावर सोडून. कुठलाही खर्च त्यांच्यासमोर आला की तो अर्धा होऊन परत जायचा. त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "आपण डोंगर तापवतोय. तेल जाळतो आपण, आणि ऊब घेतात बाहेरची झाडं. ऊर्जा वाचवलीच पाहिजे."

ऊर्जा वाचवणं म्हणजे आमच्या खोलीची उरलीसुरली ऊबही जाणार, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी उभा राहिलो. समितीसमोर मी यापूर्वी फक्त चहा घेऊन उभा राहिलो होतो.

"बाई, ऊब कमी नाही. ती वाटली जात नाही नीट. पहिल्याला जास्त होते म्हणून तो खिडकी उघडतो. शेवटच्याला मिळत नाही. नीट वाटली तर तेलही वाचेल आणि..."

"आणि काय?"

"आणि शेवटच्यालाही मिळेल."

"मामा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेवटचा मीच आहे बाई."

सगळे हसले. पण काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून बाकीची समिती इतकी शांत असते.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. रस्त्यापलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहत. उभी हयात वेधशाळेत गेलेली, म्हणून त्यांना सगळे हवामानकाका म्हणत. ते त्याच संध्याकाळी काठी टेकत आले.

"मामा, रेडिएटरमागे चंदेरी कागद लावा. ऊब भिंतीत जिरते, ती परत खोलीत येईल. साधं शास्त्र आहे."

"कागद कुठून आणू?"

"स्वयंपाकघरात असतो की. पाव गुंडाळायचा."

मी स्वयंपाकघरातला सगळा चंदेरी कागद लावला. स्वयंपाकीण म्हणजे अक्का. तिच्या हातात पावाचा आकार आणि जिभेवर तिखट. तिला कागदाची रिकामी नळी मिळाली.

"मामा, कागद खाल्लात का?"

"ऊर्जा वाचवतोय."

"ऊर्जा वाचवा, पण उद्या सहलीला निघालेल्या चाळीस माणसांचे पाव मी कशात बांधू? तुमच्या मफलरीत?"

गाणाऱ्या गटाला मात्र कागद आवडला. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, की भिंतीवरची ही चमचम मुद्दाम केली आहे का. मी हो म्हणालो.

दुसरा सल्लाही हवामानकाकांचाच: सरकारच्या ऊर्जा कार्यालयाकडून अशा कामाला मदत मिळते, ती मागा. म्हणून कात्रीबाई आणि मी खाली तालुक्याला गेलो. मदत म्हटल्यावर बाईंनी बसची खिडकीची जागासुद्धा मला दिली. तिथं काचेमागे एक तरुण कारकून मुलगी होती. ती म्हणाली, "इमारत कुठल्या प्रकारात मोडते?"

"शिबिर केंद्र," मी म्हणालो.

"असा प्रकार नाही. निवासी आहे का?"

"माणसं राहतात."

"म्हणजे निवासी."

"पण राहत नाहीत. येतात आणि जातात."

"मग हॉटेल."

"छे," कात्रीबाई म्हणाल्या, "हॉटेलात हव्या त्या सोयी देतात."

"शाळा?"

"शिकवत कुणी नाही."

"दवाखाना?"

मला तो बँकवाला आठवला, न झेललेला. "नाही, दवाखान्यात तिथून न्यावं लागतं."

तिनं पेन खाली ठेवलं. "प्रार्थनास्थळ तरी?"

"ज्याची त्याची," मी म्हणालो.

शेवटी तिनं आम्हाला 'इतर' मध्ये टाकलं. म्हणाली, "'इतर' मध्ये आजवर कुणी आलेलं नाही, त्यामुळे पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. साहेब स्वतः येऊन बघतील. काम आधी करून ठेवा." बाहेर आल्यावर कात्रीबाई म्हणाल्या, "बघा, आपण 'इतर' आहोत." त्यांना त्याचं काय वाटलं कोण जाणे. मला तो शब्द परतीच्या बसमध्ये बराच वेळ पुरला. बायको लेकीकडे असलेला नवरासुद्धा तसाच, कुठल्या प्रकारात मोडतो ते कुणाला सांगता येत नाही. जेवायला बोलावताना लोक अडखळतात.

काम करायला प्लंबर आला. त्याला सगळे 'उद्या' म्हणत, कारण त्याला कधी येणार विचारलं की तो तेच उत्तर द्यायचा. उद्या एके दिवशी खरंच आला तेव्हा अक्का इतकी दचकली की तिच्या हातून झाकण पडलं. त्यानं प्रत्येक रेडिएटरला एक आकडे असलेली फिरकी बसवली, म्हणजे ज्याला जास्त होईल त्यानं खिडकी न उघडता फिरकी कमी करावी. मग तो बॉयलरकडे वळला. बॉयलरच्या अंगातून ऊब फुकट जाते म्हणून त्याला जाड रजईसारखं जाकीट घालायचं होतं.

तिथं आमचं भांडण झालं. बॉयलरच्या एका बाजूला पांढऱ्या रंगानं काही अक्षरं काढलेली होती. ती माझी, हिनं शिकवलेली. मला अक्षरओळख उशिरा झाली, चाळिशी सरल्यावर. दिवसभर शिबिराचं काम, आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर आम्हा दोघांना बसायला उबदार जागा ती एकच. ही तिथं बसून मटार सोलायची आणि मी भिंती रंगवून उरलेल्या डब्यात बोट बुडवून गिरवायचो. बिघडलं की म्हणायची, "पोटात काना देऊ नका, बाहेर द्या. त्याला दुखतं." सगळं पुसलं गेलं, बॉयलरवरची एक ओळ तेवढी राहिली.

"इथं जाकीट नको," मी म्हणालो.

"का?"

"नको."

"मामा, स्वेटरला पोटावर भोक पाडून कोण घालतं?"

"पाड."

त्यानं पाडलं. ताटाएवढं चौकोनी भोक. जाताना बॉयलरकडे बघून म्हणाला, "याला सर्दी झाली तर मला बोलावू नका."

आता राहिली ती भिंतीवरची डबी. तीच खरी मुख्य. ती जिथं लावाल त्या खोलीची हवा चाखते. हवा गार लागली की बॉयलरला हुकूम करते, पेट. हवी तेवढी उबदार लागली की हुकूम करते, थांब. साऱ्या इमारतीचा कारभार त्या एका डबीच्या जिभेवर. ती कुठं लावायची?

"मोठ्या दालनात," कात्रीबाई म्हणाल्या.

मी या क्षणाची तयारी करून आलो होतो. "बाई, दालन आहे बॉयलरजवळ. ते तापलं की डबी म्हणणार थांब, आणि शेवटचे कुडकुडत राहणार. त्यापेक्षा शेवटच्या खोलीत लावा. शेवटच्याला ऊब मिळाली म्हणजे वाटेतल्या सगळ्यांना मिळालीच. ज्याला जास्त होईल तो फिरकी कमी करेल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "शेवटच्यापासून विचार करायचा... मामा, समितीत आजवर असं कुणी बोललं नव्हतं."

मलाही थोडं भरून आलं, खोटं कशाला बोलू. डबी आमच्या खोलीत लागली. उद्यानं विचारलं, "नेमकी कुठं?" मी म्हणालो, "खुर्चीजवळ. हिला बसल्या बसल्या आकडा दिसू दे." खुर्ची खिडकीजवळ होती, हे मी वर सांगितलंच आहे.

त्यानंतर लगेच मौनवाल्यांचा गट आला. हे लोक सात दिवस बोलत नाहीत. लिहीत नाहीत, खुणा करत नाहीत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. जे जसं आहे ते तसं असू द्यायचं, त्यात ढवळाढवळ करायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या प्रमुख एक उंच, पिकल्या केसांच्या ताई होत्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला सूचना दिल्या, हात जोडले, आणि तोंड मिटलं.

मी खोलीत येऊन रेडिएटरला हात लावला. गरम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पिंजरा गरम लागला. मी लगेच फोन लावला.

"तापली का?" ही म्हणाली.

"रेडिएटर तापलाय. खोली तापतेय."

"तापतेय म्हणजे तापली नाही ना? एका बाळाला शी झाली, ठेवते."

खोली काही तापेना. मी डबीवरचा आकडा एक घर वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. रेडिएटरला हात लावायची सोय उरली नाही, पण खुर्चीत बसलं की मानेला गारवा लागायचा तो लागायचाच. मला वाटलं, जुनी भिंत आहे, मुरलेली थंडी आहे, निघायला वेळ लागणार. मी तिसरं घर वाढवलं आणि खिडकीशी बसची वाट बघत बसलो. खिडकी, अर्थात, बोटभर.

तिकडं दालनात काय चाललं होतं ते मला अक्कानं येऊन सांगितलं. तिचं पावाचं पीठ परातीतून उठून ओट्यावर आलं होतं आणि तिथून खाली उतरायच्या बेतात होतं.

"मामा, काय चालवलंय? माझं पीठ चालायला लागलं! आणि ती माणसं बघा जाऊन."

मी दाराच्या फटीतून बघितलं. मौनवाले रांगेत बसलेले, डोळे मिटलेले. स्वेटरांचा एक ढीग मागे. मफलरींचा दुसरा. एक जाडजूड गृहस्थ बनियनवर बसले होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो ते पुसत नव्हते. ताईंसमोरच्या मेणबत्त्या कमरेत वाकून त्यांना नमस्कार करत होत्या. सगळ्यांचे चेहरे लाल आणि अतिशय शांत.

"फिरक्या का कमी करत नाहीत?" मी कुजबुजलो.

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

त्यांना विचारायची सोय नव्हती. मी अक्काला म्हणालो, "गाढ लागलीय त्यांची. साधना अशीच असते." ती म्हणाली, "साधना अशी असते तर माझ्या भट्टीला मोक्ष मिळायला हवा." मग त्यांच्यातल्या कुणाला तरी राहवलं नाही आणि एकेक खिडकी उघडू लागली. लांबून आमची इमारत दिसायची ती अशी: बाहेर दहिवर गोठलेलं, आणि आत सगळ्या खिडक्या सताड. हवामानकाका काठी टेकत आले, बघून म्हणाले, "मी आयुष्यभर हवामान बघितलं, पण हे पहिल्यांदा बघतोय," आणि स्वेटर काढून थोडा वेळ आमच्या ओसरीवर बसले.

नेमके त्याच दिवशी ऊर्जा कार्यालयाचे साहेब आले. सोबत कात्रीबाई, नव्या साडीत. साहेबांच्या गळ्यात एक कॅमेरा होता. त्यातून ऊब कुठून निसटते ते दिसायचं. जिथून निसटते तिथं लाल. साहेबांनी तो इमारतीकडे रोखला आणि खाली घेतला. पुन्हा रोखला.

"हा बिघडलाय बहुतेक," ते म्हणाले. "सगळंच लाल दिसतंय."

आत शिरून त्यांनी बनियनवाल्या गृहस्थांना विचारलं, "तुम्हाला उकडतंय का?" त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला विचारलं. त्यानंही. साहेब कात्रीबाईंकडे वळले. "यांना माझ्याशी बोलू नका असं सांगितलंय का? सरकारी तपासणी आहे ही!"

"ते मौनात आहेत," कात्रीबाई कशाबशा म्हणाल्या. तोवर त्यांचं लक्ष बाहेरच्या तेलाच्या टाकीकडे गेलं होतं. त्यांनी मला टाकीत काठी घालायला लावली. हिवाळाभर पुरायचं तेल, आणि काठीचं टोक तेवढं ओलं झालं. बाईंनी ती काठी हातात घेतली आणि तिच्याकडे, एखाद्या गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघावं तशा बघत राहिल्या.

साहेब नळीच्या मागोमाग निघाले. बॉयलरजवळ थांबले. "हे भोक कसलं?" उद्या तिथंच होता, साहेब येणार म्हणून मुद्दाम बोलावलेला. तो म्हणाला, "मामांना विचारा. मी नको म्हणत होतो." साहेब पुढं, मागे बाई, मागे अक्का, हवामानकाका, आणि सगळ्यात मागे, अनवाणी, एकेक करून मौनवाले. जे आहे ते असू द्यायचं असलं तरी बघू नये असा नियम नसावा. अशी ती वरात माझ्या खोलीत आली.

साहेबांनी कॅमेरा डबीवर धरला. मग खिडकीवर. मग हात लांब करून त्या फटीपुढं बोट धरलं.

"ही खिडकी कोणी उघडी ठेवली?"

मी हिची शाल घडी करायला घेतली.

"राखणदार, हा सगळा डोंगर का तापतोय कळतंय का तुम्हाला? ही डबी आठवडाभर बाहेरची हवा चाखतेय. तिला वाटतंय इथं थंडी आहे. सारं जग तापवलंत तरी तिचं समाधान व्हायचं नाही."

कात्रीबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पुरे झालं. या शेवटच्या खोल्यांची नळीच तोडा. हिवाळाभर कुलूप. मामा, तुम्ही स्वयंपाकघरामागच्या कोठीत झोपा. तिथं एक खाट मावते."

एक खाट. मी हिच्या खुर्चीकडे बघितलं. कोठीत खाट मावेल, खुर्ची मावणार नाही, आणि जिची खुर्ची ती तर नाहीच नाही.

"मामा, बोला ना," अक्का म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "खिडकी का उघडी ठेवता सांगा ना यांना."

"बस ऐकू यावी म्हणून," मी म्हणालो.

कुणाला काही समजलं नाही. साहेब म्हणाले, "कसली बस?" तेवढ्यात मागून एक आवाज आला, वापर नसल्यानं खरखरीत झालेला.

"कुणाची वाट बघताय, मामा?"

ताई होत्या. सगळे मौनवाले त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचा नियम त्यांनीच मोडला होता.

मी सांगितलं. फार नाही, दोन वाक्यं असतील. सांगून झाल्यावर बनियनवाले गृहस्थ म्हणाले, "अरेच्चा, म्हणजे ते उकडणं अभ्यासाचा भाग नव्हतं?" आणि एकदम सगळेच बोलायला लागले. आठवडाभराचं साठलेलं. एकाला पहिल्या दिवसापासून फिरकी कमी करायची होती, पण त्याला वाटलं तो त्याचा मोह आहे.

साहेब कडक माणूस होते. त्यांनी खिडकी लावली आणि कडी घातली. डबी काढून मधल्या बोळात लावायला सांगितली. मग उद्याला प्रत्येक रेडिएटरपाशी बसवलं: बॉयलरजवळच्यांच्या वाटेला पाणी बेतानं, पुढच्यांच्या वाटेला थोडं अधिक, आणि आमचा पूर्ण उघडा. मी समितीपुढं जे बोललो होतो तेच, फक्त डबी सोडून. निघताना बॉयलरजवळ थांबून त्यांनी त्या भोकातली अक्षरं वाचली, कॅमेरा लावला, लाल बघितलं, आणि कात्रीबाईंना म्हणाले, "हे एवढं चालेल." बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न कापता सोडली.

टाकीत पुन्हा तेल आलं, नळी तोडायचं मागे पडलं, आणि दोन-तीन दिवसांत खोली खरोखर तापली. टॉवेल वाळले. मी फोन लावला.

"तापली," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं. टॉवेल कडक झाले."

"बरं," ती म्हणाली. मागे बाळं रडत नव्हती, नेमकी. मी फोन ठेवणार होतो. मग माझ्या तोंडून निघालं, तो आवाज माझा मलाच खरखरीत लागला.

"ये आता."

पलीकडं एक भांडं वाजलं. मग म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर," आणि फोन बंद.

मी समजलो ते समजलो. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद, त्यामुळे बस काही ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरचा दिवा तपासायला म्हणून वळणापर्यंत गेलो. बस एका दमात वर. चौथ्या दिवशीही दिवा तपासला. अक्का म्हणाली, "दिव्याची तब्येत कशी आहे?" पाचव्या दिवशी मला माझीच लाज वाटली, म्हणून गेलो नाही. खुर्चीत बसलो. शाल पांघरायची गरज नव्हती, तरी मांडीवर घेतली. उबदार खोलीत म्हाताऱ्या माणसाचं जे होतं ते झालं. डोळा लागला.

"अहो! दार उघडायला कुणी आहे का नाही या घरात?"

दारात ही. हातात एक पिशवी, दुसऱ्या हातात गरम पाण्याची रबरी पिशवी. मी उठेपर्यंत आत आली, इकडंतिकडं बघितलं, पदरानं मान पुसली.

"केवढं उकडतंय हो! भट्टी केलीय का? ती खिडकी उघडा आधी."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे तिथंही दुखायचेच."

"मग इतके दिवस..."

"तुम्ही रोज रेडिएटरचं सांगायचात. मी काय रेडिएटर बघायला येणार होते? उठा, ती माझी खुर्ची आहे."

मी उठलो. तिनं कडी काढली आणि खिडकी उघडली, बोटभर. डबी बोळात होती, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. तिला उतरवून गेलेली बस अजून वरच्या वळणांवर घुरघुरत चालली होती. मला ती स्पष्ट ऐकू आली.

पुढच्या थंड्या तिनं त्याच खुर्चीत काढल्या. उकडतं म्हणून माझ्याशी रोज भांडायची, आणि बॉयलरच्या जाकिटाला भोक ठेवलं म्हणूनही. मध्येच उठून तिथं जायची आणि माझा एक काना चुकलाय असं येऊन सांगायची. केंद्रात आता नवा राखणदार आहे, पण ती खोली समितीनं माझ्याकडे ठेवली आहे. बस बंद झाली, रस्ता दुसरीकडून काढला. खिडकीचं मात्र मी अजून तसंच ठेवलं आहे.

जुळी पहिलीत गेली त्या वर्षी माझी बायको वारली. थंडी संपून बॉयलर विझवला होता, त्याच आठवड्यात, सकाळी.